राखेचा वाटा

बाजरी काढल्यावर रान मोकळं दिसता कामा नये. हे मला कुणी शिकवलेलं नाही, लहानपणापासून बघत आले म्हणून ठाऊक. भादवा सरता सरता आत्याच्या रानात विळे चालायचे, बाजरी आडवी व्हायची, आणि तोवर बाजरीच्या आडोशाला अंग चोरून उभी असलेली तूर एकदम उघड्यावर यायची. कमरेएवढी, किडकिडीत, जरा बावरलेली. आठवडाभरात ती सावरायची. फांद्या पसरायची, मग पिवळ्या फुलांनी भरायची, आणि पौषापर्यंत सगळं रान तिचं. पेरणी एकच, हंगाम दोन. पहिला भाकरीचा, दुसरा वरणाचा.

परवा गेले तेव्हा बाजरी निघाली होती. बांधापासून बांधापर्यंत नुसती धसकटं. धसकटांच्या तीन ओळी, मग एक ओळ रिकामी, परत तीन ओळी, परत एक रिकामी. वारा त्या रिकाम्या ओळींतून सरळ चालत होता, त्याला अडवायला काहीच नव्हतं. मी बांधावर चपला काढून उभी राहिले. का काढल्या ते सांगता यायचं नाही. मयताच्या दारात आपण काढतो तशा काढल्या.

मी पत्रकं लिहिते. चार वर्षं झाली. आमचा दहा-बारा पोरापोरींचा गट आहे, बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतल्या जिरायत गावांतून फिरतो, देवळापुढं बैठका घेतो. पत्रक लिहायची एक शिस्त असते. वाक्य छोटं, शत्रू मोठा, शेवटी उद्गारचिन्ह. 'उसाला धरण, बाजरीला मरण!' हे माझंच. 'बाजरीत तूर, दुष्काळ दूर!' हेही माझंच. त्यातला शब्दही मी आज मागं घेणार नाही. एकाच तालुक्यात एकाच्या सरीत पाणी तुंबतं आणि दुसऱ्याची बाई टँकरपुढं घागर धरून भांडते, याला गोड शब्द मला सापडत नाही, सापडला तरी वापरणार नाही. पण पत्रकाची एक सोय असते, ती चार वर्षांत माझ्या लक्षात आली नव्हती. पत्रकात चूक नेहमी दुसऱ्याची असते.

हे पत्रक नाही.

हिराआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. आमचं घर भवानीनगरजवळ, कालव्याच्या अंगाला. आमच्याकडं ऊस सोडून दुसरं पीक म्हणजे परसातलं आळू. आत्याला दिली सुप्याच्या बाजूला, माळावर. तिथं ढग येतात, थांबतात, विचार करतात आणि पुढं जाऊन पडतात. खाली मुरूम, वर हातभर माती. अशा रानात तिच्या सासूची तूर होती. दाणा बारका, तांबूस, डोळ्यापाशी काळा ठिपका. तिला वरचं पाणी कधी दाखवलेलं नव्हतं. बाजरी होती तोवर ती वर फार वाढायचीच नाही, खाली जायची. बाजरी तीन महिन्यांत वरची ओल पिऊन मोकळी व्हायची, तोवर हिनं मुरमात वाट काढलेली असायची, आणि पुढचे तीन महिने ती खालची ओल आणि थंडीचं दहिवर यांवर काढायची. बाजरीचा पाऊस हुकला तर तुरीचा मिळायचा. दोन्ही हुकले तरी सरमाड आणि तुराट्या असायच्या, म्हणजे बैलाला चारा आणि चुलीला जळण. हे गणित मी पत्रकात चौकट आखून मांडलं होतं. आत्यानं ते कधी मांडलं नाही, ती नुसती पेरायची.

पेरणी डोळ्यांपुढं आहे. वाफसा आलेला, ओल्या मुरमाचा वास. पुढं तात्या, म्हणजे आत्याचे यजमान, तिफणीवर. तिफणीच्या तीन नळ्यांतून बाजरी पडते. तिफणीमागं दोरीला एक वेगळी नळी बांधलेली असते, तिला मोघण म्हणतात, आणि ती धरून चालते आत्या. ओटीत तुरीचं बी, उजव्या हाताची मूठ मोघणीच्या तोंडाशी. मूठ उघडत नाही, झिरपते. दर दोन पावलांना एक दाणा. बैलाचं पाऊल, तिचं पाऊल आणि दाणा यांची लय जमलेली. मागच्या साली मी एक तास, म्हणजे तिफणीची एक फेरी, धरून पाहिला, तर माझ्या वाट्याच्या ओळीत चार बोटांच्या अंतरात सहा दाणे पडले आणि पुढं पाच-सहा पावलं काहीच नाही.

तात्या मागं बघून म्हणाले, "ही वळ कागदावर बरी दिसंल. रानात न्हाय."

तात्या असेच. मी पत्रकांचा गठ्ठा घेऊन गेले की म्हणायचे, "आलीस? जा, बाजरीला वाचून दाखीव एकदा. म्हंजी तिलाबी कळंल कसं वाढायचं ती."

आता खरी गोष्ट. आत्याच्या घरात आढ्याला शिंकाळं, शिंकाळ्यात एक गाडगं, गाडग्यात चुलीची चाळलेली राख आणि त्या राखेत तुरीचं बी. दर साली ती बियाचे दोन वाटे करायची. एक ओटीत, एक परत राखेत. पाऊस कितीही चांगला लागला तरी राखेतल्या वाट्याला हात नाही. नवं पीक घरात आल्यावर जुना वाटा डाळीला जायचा आणि नवा राखेत. तिची म्हणायची रीत होती, "रानाला एक वाटा, राखंला एक वाटा."

मागच्या साली आमच्या गटानं ठरवलं की नुसतं बोलायचं नाही, करून दाखवायचं. आत्या दर साली तुरीला घ्यायची त्याच्या दुप्पट, सगळं सलग रान घ्यायचं, दोन्ही तालुक्यांतले शेतकरी बोलवायचे, शिवारफेरी काढायची. पण तिच्या अर्ध्या बियात अर्धंच रान झालं असतं. फेरीला आलेल्या माणसाला अर्धं रान दाखवायचं?

"आत्या, सगळं बी पेरू या," मी म्हणाले.

"आन राखंत?"

"राखेत ठेवून ते वाढतंय का? बी रानात वाढतं. दुप्पट पेरू, दुप्पट येईल, सगळ्यांना वाटू."

"राखंत मरत न्हाय गं ती. निजतंय."

"निजून काय उपयोग? साऱ्या गावांना द्यायचंय ना आपल्याला?"

ती गाडग्याकडं बघत बसली. पंधरा-वीस बैठकांत मी पुरुषांना गप्प केलं होतं, तिला गप्प करायला मला तेवढाही वेळ लागला नाही. शेवटी म्हणाली, "तुजं शिकल्यालं खरं असंल." आणि शिंकाळ्यातून गाडगं खाली घेतलं.

मी हे वाक्य जिंकल्यासारखं ऐकलं.

श्रावणात ते रान बघायला हवं होतं. बाजरी छातीला लागलेली, कणसं फुलोऱ्यात, हात फिरवला की पिवळा भुगा हाताला. मधून मधून तुरीची ओळ, खाली धरून असलेली. सकाळी होले यायचे, तात्या गोफण फिरवायचे आणि दगड मुद्दाम लांब टाकायचे. फेरीला माणसं आली. टोप्या, मोबाईल, एक-दोन शहरातल्या बायाही. त्यांनी आत्याला बाजरीत उभं करून फोटो काढले. एकीनं विचारलं, "आजी, ह्या तुरीचं नाव काय?"

आत्या म्हणाली, "तूर."

तो फोटो आमच्या पत्रकावर आहे. अजून वाटलं जातं ते. खाली ठळक अक्षरांत 'यशोगाथा'. गटात मी दोनदा म्हणाले, ते थांबवा. उत्तर आलं, फोटो तर खरा आहे ना? फोटो खराच आहे. गेल्याच महिन्यात इंदापूरकडच्या एका शेतकऱ्याचा फोन आला. "ताई, त्या फोटोतल्या तुरीचं मूठभर बी मिळंल का? आमचं रानबी तसलंच हाय, मुरमाड." मी फोन दुसऱ्या कानाला लावला. तो बिचारा म्हणाला, "बरं, मूठभर नसंल तर चार दाणं."

भादव्यात बाजरी निघाली. दसरा झाला, दिवाळीच्या आसपास तुरीला कळी धरली आणि आत्या म्हणाली, अळी दिसतीया थोडी. दर साली दिसायची. ती झाडं हलवायची, खाली पडलेल्या अळ्या चिमण्या-कोंबड्या उचलायच्या, काही शेंगा जायच्या, जाऊ द्यायची. पण त्या साली सगळं बी रानात होतं आणि ते बी गावोगाव वाटायचं मी जाहीर केलं होतं. माझ्याकडं उपाय होता, पत्रकातला. निंबोळी अर्क. विषारी औषध नको, कंपनी नको, कडुलिंब आपल्या दारात.

आत्याच्या घरी फवारायचा पंप नव्हता. तिला कधी लागलाच नव्हता. मी आमच्या गोठ्यातून आणला. खुंटीला होता, वडील, म्हणजे आप्पा, घरी नव्हते, पट्टा धरून काढला आणि स्कूटीच्या पुढ्यात ठेवून माळावर नेला.

रात्रभर भिजलेल्या निंबोळ्या आम्ही वाटल्या, फडक्यानं गाळल्या, साबणाचं पाणी घातलं. आत्यानं पंपाचं झाकण उघडलं आणि तोंड मागं घेतलं.

"कसला गं वास येतुया ह्याला?"

"निंबोळीचा," मी म्हणाले.

मी खोटं बोलले नाही. मला दुसरा वास आलाच नाही. उसाच्या तणनाशकाचा वास मला वास वाटत नाही. आमच्या गोठ्याला तो आहे, आप्पांच्या सदऱ्याला आहे, शाळेतून आल्यावर दप्तर टाकायचे त्या कोपऱ्याला होता. तो आमच्या घराचा वास आहे.

दिवसभर मारलं. झाडन्‌झाड. मोहिमेतली माणसं काम अर्धवट सोडत नाहीत. आत्या म्हणाली, बांधाकडची ऱ्हाऊ दे, ती चांगली हायत. मी तीही सोडली नाहीत.

तिसऱ्या दिवशी तात्यांचा फोन आला. मस्करी नव्हती. "यिऊन बग," एवढंच.

तुरीचे शेंडे खाली वळले होते. सगळे. सुकलेले नव्हते, हिरवेच होते, पण पिळलेले, कुणी पिरगाळून सोडल्यासारखे. पानं द्रोणासारखी मिटलेली. कळ्यांचा खाली सडा. मुरमावर पिवळे ठिपके, आणि त्यातून मुंग्या चालल्या होत्या. आत्या एका झाडापाशी बसून शेंडा बोटानं सरळ करत होती. सोडला की तो परत वळायचा. ती परत सरळ करायची.

घरी आले. आप्पा ओट्यावर होते.

"पंप कुठं न्हेला व्हतास?"

"आत्याकडं."

"कशाला?"

"तुरीवर निंबोळी मारायला."

ते उभे होते, खाली बसले. "आगं, त्यो पंप उसाचा हाय."

"धुतलेला नव्हता?"

"पाण्यानं धुतला व्हता की म्या. पर पाण्यानं ती जातंय व्हय? नळीत बसतंय, वायसरात बसतंय. तू साबण घातलास, सगळं सुटून आलं आसंल." मग उठता उठता, "मला इचारायचं तरी."

विचारायला हवं होतं. पण कुणाला काय विचारायचं? ऊस गवताच्या जातीचा, बाजरीही गवताच्या जातीची. ते औषध गवताला हात लावत नाही, रुंद पानाचं जे जे उभं आहे ते मारतं. तूर, मटकी, हुलगा, बांधावरची अंबाडी. उसाच्या मुलखात पंप कशासाठी घेतात हे शेंबडं पोर सांगेल. त्या दिवशी मी भवानीनगरपासून सोमेश्वरनगरपर्यंत कुठल्याही गोठ्यातला पंप उचलला असता तरी तो उसाचाच निघाला असता. हे मला माहीत होतं, यावर मी लिहिलंही होतं. पाण्याबद्दल लिहिलं, गाळपाबद्दल लिहिलं, पाचट पेटवण्याबद्दल लिहिलं. ज्या घरात बसून लिहिलं, त्या घराच्या खुंटीकडं बघितलं नाही.

मला राग येतो तेव्हा मी लिहिते. या रागाचं काय लिहायचं? कुणाच्या दारात घोषणा द्यायच्या? आप्पांच्या? त्यांना ऊस सोडून दुसरं काही करू दिलं आहे का कुणी? की माझ्या?

शेवटच्या दोन ओळींना थोडी धुगधुगी होती. त्या मारायला घेतल्या तोवर पंपातल्या विषाचा जोर उतरला असावा. मार्गशीर्षात त्यांना परत फूल आलं, उशिराचं, विरळ. आत्या रोज जाऊन उभी राहायची. शेंगाही धरल्या. पौषात आम्ही त्या काढल्या, उन्हात टाकल्या, काठीनं झोडपल्या. पोचट. आत दाण्याच्या जागी कागदासारखी चकती. सूप पाखडलं, वाऱ्यानं सगळं नेलं. तात्या म्हणाले, "ऱ्हाऊ दे आता, हिरे." मी त्यांना तिला नावानं हाक मारताना पहिल्यांदा ऐकलं.

हिवाळ्यात आत्याच्या घरात तुरीच्या शेंगा उकडायच्या, मीठ टाकून, मोठ्या पातेल्यात. अख्ख्या आळीत तो वास जायचा. पोरं न बोलावता यायची. गेल्या हिवाळ्यात आली नाहीत. वासच नव्हता, येतील कशाला?

एक जागा उरली होती. आत्याची मुलगी रंजाक्का लोणी देवकरजवळ दिलेली. लग्नात आत्यानं तिच्या पदरात पाच मुठी बी बांधलं होतं. त्या घरची रीतच ती, लेक सासरी जाताना बी जातं, आणि माहेरचं कधी बुडालं तर लेकीकडनं परत येतं. मी स्कूटी काढली. रंजाक्काच्या सासरचं रान कधीच गेलेलं, नवरा कारखान्यात पाळीवर, दोन खोल्या वरच्या मजल्यावर.

"बस की. च्या ठिवते."

"अक्का, आत्यानं पदरात दिलेलं ते तुरीचं बी आहे का गं?"

"ती व्हय!" ती हसली. "आगं, किती वरसं डब्यात पडल्यालं. कीड लागाय लागली. आन पेरू कुठं, ग्यालरीत? औंदा सक्रातीला भरडलं आन वरान केलं. सासूबाई म्हनल्या, असलं वरान जल्मात खाल्लं न्हाय." मग माझ्याकडं नीट बघितलं. "का गं? आईला पायजे व्हतं?"

"नाही, सहज विचारलं," मी म्हणाले. संक्रांत होऊन आठ दिवस झाले होते. चहा प्यायले आणि निघाले.

आत्याला सांगितलं. ती भाकरी थापत होती, हात थांबला नाही.

"कसं झालं हुतं वरान?"

"चांगलं झालं होतं म्हणे."

"व्हनारच," ती म्हणाली.

यंदा पेरणीला मी गेले. जायला तोंड नव्हतं, तरी गेले. तात्यांनी दुकानातल्या तुरीची पुडी आणून ठेवली होती. आत्यानं ती बाजूला सारली. मागं एकदा शेजाऱ्यानं तसली लावली होती, कार्तिकात पाणी मागायला लागली, द्यायला नव्हतं, वाळून गेली. "ती पानीवाल्याची तूर," आत्या म्हणाली. "तिला हितं कशाला आणून मारायची?"

तात्यांनी तिफण धरली. आत्यानं ओचा खोचला, आणि बघते तर मोघण दोरीला बांधलेली, आणि ती मोघण धरून मागं चालायला लागलेली. ओटी रिकामी. मूठ मोघणीच्या तोंडाशी, मिटलेली. दर दोन पावलांना बोटं हलत होती. पलीकडच्या बांधावरनं कुणीतरी ओरडलं, "आवो काकू, बी टाकायचं इसरलाव काय!" आणि दोघं-तिघं हसले.

मी विचारलं, "आत्या, कशाला?"

"बैलास्नी सवय हाय. मागं मानूस नसलं की तास वाकडा धरत्यात."

सगळं रान तिनं तसंच पेरलं. तीन ओळी बाजरी, एक ओळ काही नाही. परवा धसकटांत दिसल्या त्या याच रिकाम्या ओळी. पाऊस बरा झाला, बाजरी चांगली आली. तेवढ्यावर भागेल असं लोक म्हणतात. भाद्रपदातच रान मोकळं झालं आणि पुढचे तीन महिने तिथं वारा आहे.

परवा घरात गेले तर आत्यानं शिंकाळ्यातलं गाडगं खाली काढून मोरीपाशी ठेवलं होतं. शेजारी बाजरी शिजवलेलं काळं पातेलं. ती नारळाची शेंडी शोधायला आत गेली. मी गाडग्यात हात घातला. राख गार होती, मऊ, पिठासारखी. बोटं फिरवली. तळापर्यंत नेली, कडेनं फिरवली, चिमटीत घेऊन बघितली. एक दाणा. गाडग्याच्या खरबरीत अंगाला चिकटून राहिलेला एखादा तरी असेल म्हणून. चारच दाणे, त्या इंदापूरच्या माणसानं म्हटलं होतं तसे. कोपरापर्यंत हात पांढरा झाला तरी मी बोटं फिरवतच होते.

आत्या मागं येऊन कधी उभी राहिली कळलं नाही. माझ्या हाताखालून तिनं गाडगं ओढून घेतलं, मूठभर राख पातेल्यात टाकली आणि घासायला बसली.

"नगं बघूस," ती म्हणाली. "म्या चाळलीय दोन बारी."